नळी चालेल पण

यादीत तिचं नाव नव्हतं.

मी पुन्हा एकदा वायर काढली, टोकावर फुंकर मारली, घातली, आणि वहीत बघून एकेक अक्षर दाबत तोच हुकूम दिला. एल, एस, यू, एस, बी. एंटर. लॅपटॉपने निमूटपणे जोडलेल्या वस्तूंची यादी छापली. माउस होता. कॅमेरा होता, ज्याचं आमच्या घरात कुणाला काही काम नाही. साबणाच्या डबीचा पत्ता नव्हता.

"मासी, थयुं?" कौशल्याबेनने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही झालं."

"मारो वांक नथी, हं. में तो बस झाडूज मार्युं."

मी तिला काही बोलले नव्हते. पण कौशल्याबेन सकाळी सातला कामावर येते तीच निर्दोष सुटलेली असते.

साबणाची डबी म्हणजे खरोखरच साबणाची डबी, निळी, प्रवासाला नेतात तशी. तिच्यात बोटाएवढी हिरवी पट्टी बसवलेली आहे. एक वायर डबीतून लॅपटॉपला जाते. दुसरी जाते टेबललॅम्पच्या वाकणाऱ्या दांडीवरून यांच्या उजव्या गालापाशी, तिथे एक बटण आहे. पडद्यावर बाराखडीच्या ओळींवरून पिवळी पट्टी सरकत राहते. हवी ती ओळ आली की हे गाल हलवतात, मग हव्या त्या अक्षरावर पुन्हा हलवतात. वाक्य झालं की 'बोला' असं लिहिलेल्या चौकटीवर शेवटचा गाल. मग मशीन बोलतं, सर्दी झालेल्या पोपटासारखं.

यांच्या आजाराला लांबलचक इंग्रजी नाव आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर मेंदू हुकूम देतो आणि स्नायू एकेक करून ऐकेनासे होतात. आधी डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मग हातातला पेला. मग जीभ. आता उजवा गाल राहिलाय, डोळे राहिलेत, आणि आत अख्खे पद्माकर कारखानीस राहिलेत.

हे एकतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत चौकशीच्या खिडकीत बसले. डभोईची गेली का, बोडेलीला कुठल्या फलाटावर, छोटाउदेपूरची शेवटची कितीला. दिवसभर हजार माणसांना गुजरातीत उत्तरं द्यायची, आणि संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घराचा जिना चढायचा तो सगळे शब्द तिकडेच संपवून. "भाजी कुठली करू?" "चालेल." "आईकडे जाऊन येऊ चार दिवस?" "चालेल." मला वाटायचं, मीही खिडकीसमोर रांगेत उभी राहिले तर मला निदान गाडीची वेळ तरी सांगतील.

मशीन आलं आणि माणूस बोलायला लागला. मिनिटाला चार अक्षरं. तुझी मोरपंखी साडी कुठे गेली. समोरच्या दत्ताजीरावांना सांग रेडिओ जरा मोठा लावा. आणि एकदा दोन संध्याकाळी खर्च करून हे सांगितलं, की एक्याण्णव साली तू रागावून नवसारीला निघालीस तेव्हा मी गाडी दहा मिनिटं थांबवायला लावली होती. उतरशील असं वाटलं.

त्या गाडीत बसून मी त्या दहा मिनिटांत ड्रायव्हरला मनात काय काय म्हटलं होतं, ते मला अजून आठवतं.

तर अशा या मशीनवर काल संध्याकाळी यांनी लिहिलं होतं: नळी चालेल पण

एवढ्यावर गाल दमला. डोळे मिटले. मी वहीत ते वाक्य तारीख घालून लिहून ठेवलं, कारण वहीत सगळंच लिहून ठेवायची मला सवय आहे.

नळी म्हणजे पोटात बसवायची नळी, जिच्यातून जेवण द्यायचं. डॉक्टर संपदा परवा म्हणाल्या, गिळणं आता फार दिवस साथ देणार नाही. सर्जनकडे या आठवड्यात जागा आहे, पुढची महिन्याने. "मी गुरुवारी पाचला येते, उषाताई. पण उत्तर मला तुमच्याकडून नको. काकांकडून हवंय."

आज गुरुवार होता.

हो असेल तर एकदा गाल, नाही असेल तर दोनदा, हे मशीनशिवायही जमतं. पण त्याला प्रश्न माझा लागतो. यांच्या मनातला 'पण' मी कुठल्या प्रश्नाने बाहेर काढणार? सकाळी प्रयत्न केला. दुखेल म्हणून? दोनदा गाल. महिनाभर थांबूया? दोनदा. माझी दगदग होईल म्हणून? दोनदा, आणि मग डोळेच मिटून घेतले. यांनी डोळे मिटले की खिडकीवर 'बंद' अशी पाटी लागते. डेपोतही लावायचे म्हणे, जेवणाच्या सुट्टीत.

ही डबी आणि आतला सगळा कारभार उत्कर्षचा. तो इंजिनिअरिंगला असताना चार वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहिला. आम्हाला मूलबाळ नाही, आणि त्याला घरचं जेवण नव्हतं, तेव्हा सौदा आपोआप जमला. काहीही बिघडलं की खाली यायचा, बाह्या सरसावायचा आणि म्हणायचा, "काकू, आधी चहा." चहाशिवाय त्याने आमचा बल्बसुद्धा बदलला नाही. आता तो कॅनडात असतो. काल यांचे डोळे मिटल्यावर त्याचा फोन आला, "काकू, तुमचा लॅपटॉप फार जुन्या आवृत्तीवर चाललाय. मी इथून बसल्या बसल्या नवीन करून देतो. तुम्ही फक्त झाकण उघडं ठेवा. सकाळी एकदा बंद करून चालू करा, बस."

मी झाकण उघडं ठेवलं. सकाळी बंद करून चालू केलं. पडद्यावर यांचं अर्धं वाक्य जसंच्या तसं आलं आणि खाली लाल अक्षरांत ओळ आली: बटण सापडत नाही.

वहीतलं पहिलं पान उत्कर्षने फोनवरून सांगितलेलं आहे. एक: डबीचा हिरवा दिवा लागतो का? लागत होता. दोन: यादीत नाव आहे का? नव्हतं. तीन: वायर लाल दोरा बांधलेलीच आहे ना? दुसरी कुठलीही नको, काकू. काही वायरींतून नुसती वीज जाते, निरोप जात नाही.

मी वायर पाहिली. लाल दोरा नव्हता.

"कौशल्याबेन, ही वायर कुठली?"

"कुठली म्हणजे? झाडताना निकळी गई. मी परत घातली ने."

"हीच होती?"

ती मग पदराला हात पुसत ओट्यापाशी गेली. तिथे तिचा फोन चार्जिंगला लावलेला होता, आणि त्याच्या वायरीला, सत्यनारायणाच्या पूजेतून उरलेला असावा तसा, लाल दोरा.

"बे सरखीज छे," ती म्हणाली. "मला काय माहीत एक बहिरी आहे म्हणून."

लाल दोऱ्याची वायर जोडली. यादी मागवली. आलं. डबीचं नाव आलं, शेवटून दुसरं. लग्नाच्या यादीत राहून गेलेला पाहुणा सापडावा तसं झालं मला. "अहो, सापडली हं," मी ओरडून सांगितलं. यांनी डोळे उघडले. मी पडद्याकडे वळले.

बटण सापडत नाही.

वायर काढली, घातली. बंद केलं, चालू केलं. यादीत नाव आहे, डबीत दिवा आहे, आणि मशीन म्हणतंय मी कुणाला ओळखत नाही. यांची नजर पडद्यावर होती. त्या नजरेत चौकशी नव्हती, घाई नव्हती. रांगेतल्या माणसाने खिडकीतल्या माणसाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते.

उत्कर्षला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तिकडे रात्र. तो झोपताना फोनचा आवाज बंद करतो, हे त्यानेच मला एकदा कौतुकाने सांगितलं होतं.

दहा वाजता डबी आणि वायर रुमालात बांधून मी घडियाळी पोळात विक्रमसिंहच्या दुकानी गेले. त्याच्याकडे मोबाइल, मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच टेबलावर दुरुस्त होतात. त्याने डबी उघडून आधी मनापासून हसून घेतलं.

"मासी, आमां साबू क्यां छे?"

"साबण संपला. बघ ना जरा, ऐकत नाहीये."

त्याने ती त्याच्या कॉम्प्युटरला जोडली. टुंग असा आवाज झाला. त्याने बटण दाबलं, पडद्यावर काहीतरी उमटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उमटलं. मला एकदम भरून आलं. परक्याच्या दुकानात आपलं मूल शहाण्यासारखं वागावं आणि घरी तोंड उघडू नये, तसं.

"एकदम ओके छे, मासी. वांधा तुमच्या कॉम्प्युटरमां छे. काय आहे, विंडोज?"

"नाही. ते दुसरं. लिनक्स."

"ओहो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू घरात मगर पाळलीय असं मी सांगितलं. "तमे लॅपटॉप लेता आवो. सगळं साफ करून विंडोज टाकून देऊ. बे कलाक, दोन तासांत तैयार."

"आणि आतलं बोलायचं मशीन?"

"ए तो जशे ने. जाणारच ते."

मी डबी पुन्हा रुमालात बांधली. त्याने पैसे घेतले नाहीत. "काकाने मारी याद आपजो," म्हणाला. "मी शाळेत होतो तेव्हा ते मला खिडकीतून वाघोडियाची बस सांगायचे. एक वार पण खोटी नाही सांगितली."

घरी आले तेव्हा कौशल्याबेन यांना पातळ केलेली पेज भरवत होती. पातळ म्हणणं चुकीचं आहे, दाट केलेली. पाण्यासारखं काहीही आता यांच्या घशातून सरळ पोटात जात नाही, वाट चुकून फुप्फुसात जातं. दिवाळीनंतर चहाचे चार घोट असेच चुकले आणि अकरा दिवस दवाखान्यात गेले. तेव्हापासून चहा बंद. पाण्यातसुद्धा एक पावडर घालतो, ते खिरीसारखं होतं. डेपोत दिवसाला चौदा चहा पिणाऱ्या माणसाने याबद्दल मशीनवर कधी एक अक्षर खर्च केलं नव्हतं. मला वाटलं होतं, सवय झाली.

डबी जोडली आणि वही उघडली. शेवटच्या पानावर एक हुकूम होता जो मी कधी वापरला नव्हता. उत्कर्ष त्याला हजेरीपुस्तक म्हणायचा: आत कोण आलं, कोण गेलं, कितव्या सेकंदाला, सगळं कॉम्प्युटर लिहून ठेवतो. काकू, फक्त शेवटच्या ओळी वाचायच्या.

मी दहावीपर्यंत शिकले, तीही मराठी शाळेत. इंग्रजी वाचते ती दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तशी, आधी अक्षरं, मग अर्थ, मग दुकान मागे गेलेलं असतं. पण या ओळी कुठे पळत नव्हत्या. चष्मा लावून बोट ठेवून वाचल्या. डबी आली. डबीला जागा नेमून दिली. आणि पुढच्याच सेकंदाला: डबीला जागेवरून उठवलं. उठवणाऱ्याचं नाव मध्येच लिहिलेलं होतं. बी, आर, एल, टी, टी, वाय.

ते नाव फोनमध्ये शोधलं आणि येईल ती माहिती मराठीत करून घेतली. मराठी कसली, पण कळलं. हा आंधळ्यांचा मदतनीस आहे. ठिपक्यांची लिपी असते ना, बोटांनी वाचायची, तिचं यंत्र कुणी जोडलं तर त्याला मदत करायला तो आत बसलेला असतो. त्या यंत्रांत आणि आमच्या साबणाच्या डबीत एकच जातीचा तुकडा आहे. नवीन आवृत्तीबरोबर हा मदतनीस आला, डबी पाहिली, आणि बिचाऱ्याला वाटलं, आलं कुणीतरी आंधळं. धावत जाऊन त्याने ती ताब्यात घेतली. आमचं बटण दारातच राहिलं.

मला त्याचा रागसुद्धा धड येईना. चांगल्या मनानेच केलं होतं त्याने.

उपाय एका ओळीचा होता: त्याला काढून टाका. मी ती ओळ टाईप केली. पाच शब्द, दोनदा तपासून. एंटर दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं: पासवर्ड?

पासवर्ड उत्कर्षचा. मला कधी लागलाच नव्हता. चालू केलं की लॅपटॉप आपोआप उघडायचा.

उत्कर्षचं नाव टाकलं. नाही. यांचं टाकलं. नाही. चौकशी असं टाकलं, सगळी अक्षरं इंग्रजीत जुळवून. नाही. तीनदा चुकलं की तो हात झटकतो आणि सगळी ओळ पहिल्यापासून टाईप करायला लावतो. उत्कर्षला अकरावा फोन केला. वाजला.

साडेअकरा झाले होते. कुठे बिघडलंय ते ठाऊक, कुणी बिघडवलंय ते ठाऊक, काय करायचं ते समोर लिहिलेलं, आणि दाराला कुलूप. मी खुर्चीत बसून राहिले. कौशल्याबेन म्हणाली, "मासी, नारळ मानो." मी म्हटलं, "कुणाला?" तिलाही सांगता येईना.

मग मला आठवलं की उत्कर्षने हे सगळं बसवलं तेव्हा हे समोर होते. यांच्या तोंडून तेव्हा दिवसाकाठी एखादा शब्द कळण्याजोगा निघायचा. दोघं मिळून काहीतरी हसलेही होते.

"अहो," मी जवळ गेले. "पासवर्ड माहीत आहे तुम्हाला? तक्त्यावर सांगाल?"

गाल एकदा हलला.

तक्ता म्हणजे मशीनच्या आधीची आमची सोय. पुठ्ठ्यावर चिकटवलेली बाराखडी. मी विणायच्या सुईने ओळ दाखवायची, हे गाल हलवणार, मग अक्षर दाखवायचं. तो तक्ता कपाटामागे गेला याला कारण मी. मला धीर निघत नाही. यांनी प सांगितला, काना सांगितला, की माझं सुरू: पाणी? पाय? पाठ? पाठ दुखते? कुशीवर करू? केलंही कुशीवर. आणि मग वर बघते तर यांच्या डोक्यावर भिंतीला पाल. त्या दिवशी रात्रीपर्यंत खिडकी बंद होती. दुसऱ्या दिवशी मी तक्ता काढला तर डोळे मिटले, तिसऱ्या दिवशीही. मशीनचं कौतुक यांना यासाठी होतं. ते हळू असेल, पोपटासारखं बोलत असेल, पण मध्ये बोलत नव्हतं.

मी तक्ता काढला, धूळ पुसली. तोंडात लवंग धरली, दातांत घट्ट. पासवर्डला अंदाज चालत नाही, हे मला त्या मशीनने सकाळपासून पुरेसं शिकवलं होतं.

पहिली ओळ. गाल. अ. काही नाही. आ. गाल.

लिहिलं: आ.

मनात आई आली, आठ आला, आजोळ आलं. लवंग चावली. सुई पुढे.

ध यायला दहा मिनिटं लागली, कारण मध्ये ठसका आला आणि कौशल्याबेनने लाळ ओढायचं मशीन लावलं. मग ध. मग दीर्घ ई. मग पुन्हा थांबलो, यांचा गाल थरथरायला लागला होता आणि हो कुठला आणि थरथर कुठली कळेना. मी सुई खाली ठेवली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुई उचलली. च. बराच वेळ काही नाही. ह. काना.

मग डोळे मिटले. संपलं.

पाऊण तासात एवढं. वहीत वाचलं: आधी चहा.

मी हसले, किती महिन्यांनी कोण जाणे. उत्कर्ष तो उत्कर्षच. त्याचंच ते पालुपद. दुसरा कुठला पासवर्ड असणार होता त्याचा? "अहो, तुम्ही थोर आहात," असं म्हणून मी लॅपटॉपकडे पळाले. ओळ टाईप केली. आधी चहा, इंग्रजी अक्षरांत, दोन ए घालून. नाही. एक ए घालून. नाही. पहिलं अक्षर मोठं करून. नाही. पुन्हा ओळ. मध्ये जागा सोडून. नाही.

"चुकलं का एखादं अक्षर?" मी वळून विचारलं. दोनदा गाल. नाही, चुकलं नाही.

मी वही घेऊन बसले आणि वाचत राहिले, मोठ्याने, आधी चहा, आधी चहा, कुठे कुठलं अक्षर मोठं असेल म्हणून. कौशल्याबेन भांडी पुसत दारात आली.

"काकाने चा पीवी छे?" तिने विचारलं.

मी तिला गप्प बस म्हणणार होते. पण माझं लक्ष वहीवर होतं, आणि वहीत, कारण मी सगळं वहीत लिहून ठेवते, कालची ओळ वर होती आणि आजची खाली.

नळी चालेल पण
आधी चहा

मी यांना एका दमात दोन प्रश्न विचारले होते. पासवर्ड माहीत आहे का, आणि तक्त्यावर सांगाल का. दुसऱ्याला ते हो म्हणाले होते. त्यांच्याकडे दिवसाची जेवढी अक्षरं होती तेवढी त्यांनी पासवर्डवर घालवली नाहीत. आणि मी त्या अक्षरांनी अर्धा तास कुलूप उघडत बसले होते, त्यांच्यासमोर.

"चहा हवाय?" मी विचारलं.

गाल एकदा हलला. जेमतेम.

डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही.

चहा केला. गवती चहा घालून, फुदिन्याची चार पानं घालून, डेपोच्या कँटीनमध्ये असायचा तसा गोड. कौशल्याबेन म्हणाली, "मासी, पेली पावडर?" मी दाट करायच्या पावडरीचा डबा हातात घेतला. झाकण उघडलं, बंद केलं आणि पुन्हा फळीवर ठेवला.

हे चहा बशीतून प्यायचे. घरीसुद्धा, पाहुणे असले तरी. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात कप निवायला वेळ कुठे, म्हणून लागलेली सवय. मी कपातला चहा बशीत ओतला आणि बशी यांच्या नाकाखाली धरली, नुसती. वाफ होती. यांनी डोळे मिटले, पण ही 'बंद'ची पाटी नव्हती.

मग मी यांची हनुवटी छातीला टेकवली, तसं शिकवलंय, आणि चमच्याच्या टोकाने एक थेंब जिभेवर. थांबलो. घसा हलला. दुसरा. थांबलो. कौशल्याबेन लाळ ओढायचं मशीन हातात घेऊन उभी होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत, बहुतेक तो नारळच. तिसरा. चौथ्याला ठसका आला. तो गेला नाही, वाढत गेला, चेहरा लाल झाला, मान मागे गेली, आणि मला अकरा दिवस दिसले, त्यातला एकेक दिवस. दोघींनी कुशीवर घेतलं, पाठ चोळली, मशीन लावलं. दोन मिनिटं असतील. मग श्वास लागला वाटेला.

"बस?" मी विचारलं.

यांनी बशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा बशीकडे.

मला कळायला वेळ लागला. एरवी मी दहा अंदाज केले असते, आता एकही सुचेना. शेवटी मी बशी उचलून माझ्याच तोंडाला लावली. गाल एकदा हलला. मग उरलेला चहा मी प्यायले, यांच्यासमोर पलंगावर बसून, आवाज करून, जसे हे प्यायचे आणि मी ओरडायचे. हे बघत होते.

बशी खिडकीत ठेवली. हे झोपले. मी श्वास मोजत बसले.

चार वाजून वीस मिनिटांनी उत्कर्षचा निरोप आला. सतरा फोन? काकू, काय झालं? मी लिहिलं तर तिकडून घाबरलेला आवाज: "सॉरी काकू, सॉरी. तो मदतनीस, मला लक्षातच नाही आलं. पासवर्ड चौकशी आहे, पुढे एकचा आकडा. काकांनीच सुचवला होता."

एका आकड्याने हुकले होते.

ओळ टाईप केली, पासवर्ड टाकला. मदतनीस निमूटपणे गेला, काही सेकंदांत. मला उगाच त्याचं वाईट वाटलं. लाल दोऱ्याची वायर काढून घातली. हजेरीपुस्तकात डबी आली, तिला जागा मिळाली, आणि तिला कुणी उठवलं नाही. लाल ओळ गेली. पिवळी पट्टी बाराखडीवरून चालायला लागली.

डॉक्टर संपदा पाचला पाच कमी असतानाच आल्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, बराच वेळ, उजवीकडे जास्त वेळ. माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतल्या बशीकडे.

"काका," त्या खुर्ची पुढे घेऊन बसल्या. "मी उत्तर ऐकायला आलेय. घाई नाही."

यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे कालचं वाक्य होतं. नळी चालेल पण. पुढे एक रेघ लुकलुकत होती, उरलेल्या शब्दांची वाट बघत.

मी तोंडात काही धरलं नव्हतं. तरी गप्प बसले.

पिवळी पट्टी ओळीओळीने खाली आली. स्वर गेले, व्यंजनं गेली, मात्रा गेल्या. सगळ्यात खालच्या ओळीवर गाल हलला. तिथे अक्षरं नाहीत, चौकटी आहेत. पट्टी 'खोडा'वर आली. गाल.

ण गेला.

पट्टी पुन्हा वरून निघाली. पुन्हा सगळी बाराखडी. दत्ताजीरावांकडे रेडिओवर बाजारभाव चालले होते. पट्टी खाली आली. गाल.

प गेला.

तिसऱ्या फेरीला पट्टी 'बोला'वर थांबली.

"नळी चालेल," मशीन म्हणालं.

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. कौशल्याबेनने जाता जाता खिडकीतली बशी उचलली, आणि मी तिला म्हटलं, राहू दे, उद्या घास.